रायगडावरच्या समाधीला वर्षाला पाच रुपये

आधी आकडा सांगतो, मग बाकीचं. पाच रुपये. महिन्याला नाही, वर्षाला. रायगडावरच्या शिवछत्रपतींच्या समाधीच्या देखभालीसाठी इंग्रज सरकारनं मंजूर केलेलं हे अनुदान. लॉर्ड रे तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते, म्हणजे काळ १८८५ ते १८९० च्या दरम्यानचा.

जुन्या हिशेबानं पाच रुपये म्हणजे ८० आणे. महिन्याला सात आणेही पडत नाहीत. पैशांत मोजलं तर ३२० पैसे, आणि वर्षाचे दिवस ३६५. म्हणजे ज्या माणसानं स्वराज्य उभं केलं त्याच्या समाधीला सरकारदरबारी दिवसाला एक पैसाही नव्हता.

हे आजच का लिहितोय, तर आपल्या बारवेमुळे. वेशीबाहेरच्या बारवेच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव तयार झालाय, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. मागच्या आठवड्यात मी त्याचं अंदाजपत्रक पाहिलं आणि दोन ओळींची पोस्ट टाकली, की यात देखभालीसाठी एक रुपयाही नाही. त्यावर बऱ्याच मंडळींनी मला झापलं. "दादा, इतक्या वर्षांनी निधी येतोय, त्यात खोडा घालू नका." "तुम्हा पत्रकारांना कशातच चांगलं दिसत नाही." एकानं तर विचारलं, तुम्हाला बारव पडलेली बघायचीय का?

नाही बघायची. म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबलंय, पण चहा घेऊन बसा. सार्वजनिक पैसा आणि जुन्या वास्तू यांचं आपल्याकडचं नातं काही आजचं नाही, आणि ते नीट पाहिलं तर आपल्या अंदाजपत्रकात काय चुकतंय ते आपोआप दिसेल.

सुरुवात सभासद बखरीपासून करू. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या दरबारातला माणूस. राजाराम महाराज जिंजीला असताना त्यांच्या सांगण्यावरून त्यानं ही बखर लिहिली. त्यात महाराजांच्या कारभाराचं वर्णन करताना तो देवस्थानांच्या व्यवस्थेबद्दल सांगतो. मुलखात जिथं जिथं देवस्थानं होती तिथं दिवाबत्ती, नैवेद्य, अभिषेक यांची सोय लावून दिली, आणि मुसलमानांचे पीर, मशिदी होत्या त्यांनाही दिवाबत्ती आणि नेमणूक चालवली, असा त्याचा आशय आहे. आता यातले शब्द बघा. दिवाबत्ती. नैवेद्य. नेमणूक. देऊळ बांधायला इतके होन दिले, घुमटाला इतके दिले, अशी ती यादी नाही. दिवा रोज लागतो. नैवेद्य रोज होतो. तेल उद्या पुन्हा लागणार, परवा पुन्हा. म्हणून पैसा किंवा धान्य किंवा जमीन अशा बेतानं लावून द्यायची की ते दरसाल येत राहील, आणि एक ठरलेला माणूस ते ठरलेलं काम करत राहील.

देऊळ बांधायचं काम राजे, सरदार, सावकार करतच होते. अहिल्याबाई होळकरांनी केलेली बांधकामं तर काशीपासून रामेश्वरापर्यंत आहेत. पण राज्यकारभारात, दप्तरात, सनदांमध्ये जास्त जागा व्यापली ती या दरसालच्या नेमणुकांनी. गुरवाला जमीन, मुजावराला जमीन, नगारा वाजवणाऱ्याला काहीतरी, नंदादीपाच्या तेलाला काहीतरी. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या शिवाराशेजारी अशी जमीन आहे, सातबारा काढला की त्यावर "देवस्थान इनाम वर्ग ३" असा शेरा दिसतो. आपल्या बारवेला लागून जी पडीक पट्टी आहे तिच्यावरही तोच शेरा आहे, बारवेवरच्या महादेवाच्या नावानं. हा शेरा म्हणजे एका जुन्या अनुदानाची उरलेली पावती आहे.

आता इथं कुणी लगेच "बघा, पूर्वी कसं छान होतं" असं म्हणू नका. छान नव्हतं. दोन गोष्टींनी ती व्यवस्था आतून किडली होती.

एक म्हणजे तपासणी नव्हती. पिढ्या गेल्या, जमीन एका घरातून चार घरांत वाटली गेली, पीक खाणारे वाढले आणि दिवा लावायची पाळी कुणाची हे कुणालाच आठवेना. ज्या जमिनीच्या उत्पन्नातून तेल यायचं त्या जमिनीवर आज बंगले दिसतात आणि देवळात वीजजोडणी वर्गणीतून घेतलेली असते. ही कुठली एका गावची गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. दिवा गुरव लावायचा, त्याला जमीन होती. पण वाट झाडणं, गावची स्वच्छता, निरोप पोचवणं, पडेल ते राबणं, ही कामं महार वतनाच्या नावाखाली ज्यांच्याकडून करून घेतली त्यांना काय मिळालं? जमिनीचा तुकडा आणि रात्रंदिवसाची बांधिलकी. कामाला वेळ नाही, मोल नाही, नकार द्यायची सोय नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यासाठीच. स्वातंत्र्यानंतर ही वतनं कायद्यानं संपली, आणि ती संपायलाच हवी होती. मला दरसालची नेमणूक हवीय असं मी म्हणतो तेव्हा मला मजुरी हवीय, वतन नकोय, हे आताच स्पष्ट सांगतो. नाहीतर खाली कमेंटमध्ये तेच सुरू होईल.

पुढे १८१८. मे महिन्यात कर्नल प्रॉथरनं रायगड घेतला. बाजीरावाची बायको वाराणसीबाई तेव्हा गडावर होती. तोफांचा मारा झाला, आग लागली, गड खाली झाला. त्यानंतरच्या काळात इंग्रजांनी जुन्या इनामांची छाननी सुरू केली. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला बळ मिळालं आणि ज्यांच्याकडं सनद नाही, पुरावा नाही, त्यांची इनामं गेली. देवस्थानांची इनामं मात्र बऱ्याच ठिकाणी चालू ठेवली. राज्यकर्ते हुशार होते. देवाच्या दिव्याला हात लावला तर गावं पेटतात हे त्यांना कळत होतं.

पण रायगडावरची समाधी हे चालू देवस्थान थोडंच होतं? गड ओस पडलेला. माणूसच नाही तर पुजारी कुठला. शिबंदी गेली, वस्ती गेली, गड जंगल खात्याकडं गेला. समाधीच्या दगडांतून झाडं उगवली. दगडी बांधकामाला माणसानं तोफ लावावी लागत नाही. वड-पिंपळाचं बी चिरेत पडून दोन पावसाळे कुणी बघितलं नाही की पुरे होतं.

१८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवरचा पवाडा प्रसिद्ध केला. टिळकांच्या फंडाच्या आधी २६ वर्षं. समाधी आधी कुणी शोधली, कुणी साफ केली, यावर दर शिवजयंतीला आपल्याकडं दोन गट पडतात आणि एकमेकांच्या आया-बहिणी काढतात. मला आज त्या वादात शिरायचं नाही. मला फक्त पैशाचा माग काढायचाय.

१८८३ साली जेम्स डग्लस नावाच्या इंग्रजानं मुंबईवर एक पुस्तक लिहिलं. त्यात रायगडाची आणि समाधीची दुरवस्था त्यानं वर्णन केली. त्याचा रोख इंग्रज सरकारवर नव्हता, आपल्यावर होता. ज्यानं एवढं राज्य दिलं त्याच्या समाधीच्या डागडुजीला त्या राज्यावर मोठे झालेल्यांपैकी कुणी एक रुपया देत नाही, असा त्याचा टोमणा. तेव्हा कोल्हापूर होतं, बडोदा होतं, ग्वाल्हेर, इंदूर, सांगली, औंध, कितीतरी संस्थानं होती. टोमणा झोंबला, आणि झोंबायलाच हवा होता. पुण्यात चर्चा झाली, सरकारकडं मागणी गेली, आणि सरकारनं उदार होऊन वर्षाला पाच रुपये मंजूर केले.

मला ही पाच रुपयांची नोंद फार बोलकी वाटते. सरकारला नाही म्हणायचं नव्हतं आणि हो म्हणायचंही नव्हतं. नाही म्हटलं तर ओरड होते. पाच रुपये दिले की फायलीत नोंद राहते, विषय बंद होतो. नाममात्र अनुदान देऊन जबाबदारीतून मोकळं होणं ही कला आपल्या आजच्या कार्यालयांनी कुठून उचलली असेल, असा प्रश्न पडतो. पण एक गंमत बघा. रक्कम हास्यास्पद होती, तरी तिचा साचा जुनाच होता. दरसाल. म्हणजे एका परक्या सरकारलासुद्धा हे मान्य होतं की समाधीची काळजी हे एकदा करून संपणारं काम नाही. आकार बरोबर होता, आकडा चूक होता. आज आपल्याकडं नेमकं उलटं झालंय, पण त्याकडं नंतर येतो.

पाच रुपयांवर दहा वर्षं निघून गेली. १८९५ साली 'केसरी'नं हा विषय हातात घेतला. ३० मे १८९५ ला पुण्यात हिराबागेत सभा झाली, समाधीच्या जीर्णोद्धारासाठी आणि गडावर उत्सव सुरू करण्यासाठी फंड काढायचं ठरलं. पुढं महिनोन्‌महिने 'केसरी'त वर्गणीदारांच्या याद्या छापून यायच्या. संस्थानिकांचे आकडे मोठे, पण त्या यादीत किरकोळ रकमा देणारी साधी माणसंही होती. विद्यार्थी, कारकून, शिक्षक. टिळकांचं राजकारण कुणाला पटो न पटो, वर्गणीदाराचं नाव आणि रक्कम छापणं ही गोष्ट मला एक पत्रकार म्हणून फार मोठी वाटते. दोन आणे देणाऱ्याचंही नाव छापून आलं की ती समाधी त्याची होते, आणि पैशाचं काय झालं हे विचारायचा हक्कही त्याचा होतो. आपल्या किती मंडळांनी गेल्या दहा वर्षांत वर्गणीची यादी फलकावर लावलीय, सांगा बरं.

एप्रिल १८९६ मध्ये रायगडावर पहिला उत्सव झाला. त्यासाठीही परवानगीची यातायात झालीच, कारण गड जंगल खात्याच्या ताब्यात. स्वतःच्या राजाच्या समाधीवर फूल वाहायला अर्ज. आज गडांवर श्रमदान करणाऱ्या पोरांना कधी वन खात्याकडं, कधी पुरातत्त्वकडं हेलपाटे घालावे लागतात, त्यांना ही गोष्ट सांगतो मी नेहमी. म्हणतो, तुमच्या आधी टिळकांनीही हेच केलंय, चला, अर्ज लिहा.

पुढच्या वर्षी, १८९७ ला, प्लेग, रँडचा खून, आणि शिवाजी उत्सवाच्या संदर्भात छापलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला. अठरा महिन्यांची शिक्षा. नंतर १९०८ ला पुन्हा शिक्षा, मंडाले. समाधीचं काम मागं पडत गेलं. आज आपण जी अष्टकोनी छत्री बघतो, ज्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतो, ते काम १९२६ च्या सुमारास झालं. टिळक १९२० ला गेले, त्यांना ती बघायला मिळाली नाही. हिराबागेतल्या सभेपासून धरलं तर तीसेक वर्षं.

मधल्या काळात एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. लॉर्ड कर्झननं १९०४ साली प्राचीन स्मारकं जतन करण्याचा कायदा आणला. कर्झन म्हटलं की आपल्याला बंगालची फाळणी आठवते, ते बरोबरच आहे. पण या कायद्यात एक छोटं कलम आहे, ते आपल्या कामाचं आहे. संरक्षित स्मारकाच्या देखभालीसाठी लोकांनी स्वेच्छेनं दिलेली वर्गणी सरकार स्वीकारू शकतं, आणि ती ज्या कारणासाठी दिली त्याखेरीज दुसऱ्या कशावर खर्च करता येणार नाही, असं ते कलम सांगतं. स्वातंत्र्यानंतर १९५८ ला केंद्रानं नवा कायदा केला, त्यातही ही तरतूद राहिली. म्हणजे लोकांचा पैसा आणि सरकारचा पैसा एकाच कामात यावा याला कायद्यानं वाट ठेवलेली होती. रायगडावरची छत्री उभी राहिली तीही अशीच, स्मारक मंडळानं जमवलेला पैसा आणि सरकारी पैसा मिळून. मला वाटतं सार्वजनिक अनुदानाचा हा सर्वात बरा नमुना. सरकार एकटं दिलं की हिशेब कुणी विचारत नाही. लोक एकटे दिले की पैसा पुरत नाही.

याच सुमारास, १९२३ ला, पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी जुन्या वास्तूंची निगा कशी राखायची याची एक पुस्तिका काढली. खात्यात अजूनही तिचं नाव घेतात. तिचा रोख नव्यानं बांधण्यावर नाही, आहे ते टिकवण्यावर आहे. झाडोरा काढा, पाणी साचू देऊ नका, चिरा वेळेवर भरा. कंटाळवाणी, बारीकसारीक, दरवर्षीची कामं. यातलं कुठलंच उद्घाटन करण्यासारखं नाही, कोनशिला लावण्यासारखं तर नाहीच. अडचण तिथंच आहे.

आता पाच रुपयांपासून आजच्या आकड्यांवर या. रायगडासाठी राज्य सरकारनं प्राधिकरण नेमलं, आणि आराखडा झाला ६०६ कोटींच्या आसपासचा. त्यात गड, पाचाड, परिसरातली गावं, रस्ते, सोयी सगळं आलं. गेल्या वर्षी, ११ जुलै २०२५ ला, युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. अकरा आपले, बारावा तमिळनाडूतली जिंजी, जिथं बसून सभासदानं दिवाबत्तीची ती ओळ लिहिली. आणि अलीकडच्या काही वर्षांत जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्क्यांपर्यंत निधी गडकिल्ले, मंदिरं आणि महत्त्वाच्या स्मारकांच्या जतनासाठी राखून ठेवायचा निर्णय झाला. आपल्यासारख्या गावांपर्यंत वारशाच्या नावानं पैसा पोचायची वाट खरंतर हीच. हा निर्णय चांगला आहे, मी त्याचं स्वागत तेव्हाच केलं होतं, जुनी पोस्ट शोधून बघा.

पैसा वाढला, हे मान्य. पण साचा बदलला. आजचं अनुदान "काम" म्हणून येतं. प्रस्ताव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग मार्चअखेरची पळापळ, कारण खर्च झाला नाही तर निधी परत जातो. काम झालं की मोजमाप पुस्तिका भरायची, बिल काढायचं, उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. फाइल बंद. ठेकेदाराला दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे फरशी उखडली तर तो बांधील. पण दगडाच्या फटीत पिंपळ उगवला तर कोण बांधील? पिंपळ हा काही ठेकेदाराचा दोष नाही. तो कुणाचाच दोष नाही, आणि म्हणून तो कुणीच काढत नाही.

या साच्यातून कामंही त्याच प्रकारची निघतात. जे मोजता येतं ते. पेव्हर ब्लॉक चौरस मीटरमध्ये मोजता येतो, हायमास्ट नगावर मोजता येतो, कमान डोळ्यांना दिसते. एक माणूस वर्षभर रोज सकाळी येऊन पायऱ्यांवरचं गवत काढतो, कचरा उचलतो, पोरं वरून उड्या मारत असतील तर हटकतो, हे कुठल्या मोजमाप पुस्तिकेत बसवणार?

२००७ साली राज्यानं दुसरा एक मार्ग काढून बघितला, स्मारकं संगोपनासाठी दत्तक द्यायची योजना. कंपन्या, संस्था यांनी राज्य संरक्षित स्मारक ठराविक वर्षांसाठी सांभाळावं. नळदुर्ग हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण. सोलापूरकडं जाताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल, किल्ला झाडलोट केलेला, बाग, तिकीट, रखवालदार. त्यावर टीकाही झाली, कुणी म्हणालं किल्ल्याचा बगीचा केला. टीकेत तथ्य असेल, पण तिथं रोज माणूस होता एवढं मात्र खरं. अर्थात ही सोय नळदुर्गाएवढ्या जागेला, जिथं तिकीट खपतं तिथं. आपल्या बारवेला कोण कंपनी दत्तक घेणार?

मग लहान गावात दरसालचं अनुदान कशाला मिळतं असा विचार करत होतो, आणि उत्तर आपल्या बाजारपेठेतच सापडलं. सार्वजनिक वाचनालय. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं राज्यातल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग ठरवून दरवर्षी अनुदान मिळतं. रक्कम तुटपुंजी आहे, हप्ते उशिरा येतात, ग्रंथपालाचा पगार सांगायला लाज वाटावी असा आहे, यासाठी त्यांनी आंदोलनं केली आहेत आणि मी त्या बातम्या लिहिल्या आहेत. पण त्या अनुदानातला ठरावीक हिस्सा पगारासाठी असतो. म्हणजे कुलूप उघडायला रोज एक माणूस येतो. छप्पर गळालं तर कपाट सरकवतो. वाळवी लागली तर ओरडतो. आपल्या वाचनालयात नगरपालिकेचे जुने अहवाल आणि एक ट्रंक भरून मोडी कागद अजून आहेत ते कशामुळे? इमारतीमुळे नाही, इमारत तर गळतेय. एक बाई तीस वर्षं रोज तिथं येत होत्या म्हणून. तेच कागद दुसऱ्या एका कार्यालयात होते तिथं रद्दीत गेले, आणि ती इमारत मात्र टुमदार, नुकतीच रंगवलेली.

तर आता बारव.

आपली बारव कुठल्याच संरक्षित यादीत नाही. केंद्राच्या नाही, राज्याच्याही नाही. याचा अर्थ तिथं काय वापरावं, काय वापरू नये हे सांगणारा कायदा तिला लागू नाही. संरक्षित वास्तू असती तर शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी वगैरे नियम आले असते आणि सिमेंट ओतायच्या आधी कुणीतरी अडवलं असतं. इथं कुणी अडवणार नाही. अंदाजपत्रकात पायऱ्यांचे सांधे सिमेंटनं भरायचे असं लिहिलंय. जुना दगड चुन्यात बसवलेला असतो, चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ओल कोंडून ठेवतं, मग दगड फुटतो. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, कुठल्याही जुन्या गवंड्याला विचारा. बारवेत तर पाणी आतूनच पाझरतं, ते बंद केलं तर बारवेचा हौद होईल.

दर रविवारी जी पोरं तिथं उतरतात, गाळ काढतात, त्यांना या प्रस्तावात काहीही नाही. हातमोजे नाहीत, गमबूट नाहीत, दोर नाही. महाशिवरात्रीला त्यांनी पायऱ्यांवर दिवे लावले, अख्खं गाव फोटो काढायला आलं होतं. राज्यभर अनेक बारवांवर आता ही पद्धत पडलीय, चांगलीच आहे. पण त्या रात्री लावलेल्या पणत्या दुसऱ्या दिवशी कुणी उचलल्या? त्याच पाच-सहा पोरांनी.

माझं म्हणणं इतकंच. निधी येऊ द्या. पण सर्वसाधारण सभेत प्रस्तावाला मंजुरी देताना ठरावात काही गोष्टी घालून घ्या. कमान आणि रंगीत दिवे यातलं जे कमी करता येईल ते करा आणि पालिकेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात "बारव देखभाल" असं वेगळं लेखाशीर्ष उघडा, दरवर्षीचं. जिल्ह्याचा निधी एकदाच येणार, त्यातून पगार देता येत नाही असं साहेब सांगतील, आणि ते नियमानं बरोबरही असेल. म्हणूनच हे पालिकेनं करायचंय. काम एखाद्या महिला बचत गटाला द्या, किमान वेतनानं, लेखी करारानं, कामाचे तास ठरवून. कुणाच्या पिढीजात गळ्यात मारू नका आणि "समाजसेवा" म्हणून फुकटही करून घेऊ नका. सांधे भरायचे तर चुन्यानं, आणि काम सुरू व्हायच्या आधी बारवेची मापं, नकाशा, प्रत्येक बाजूचे फोटो काढून वाचनालयात एक प्रत ठेवा. लोकवर्गणी घ्यायची असेल तर जरूर घ्या, मी पहिला देतो. पण नावं आणि रकमा बारवेजवळच्या फलकावर लागल्या पाहिजेत, खर्चासकट.

एका सन्माननीय सदस्यांनी मला फोनवर विचारलं, देखभालीला वर्षाला किती लागतील? मी म्हटलं, हिशेब करू, बसू एकदा. ते म्हणाले, "बघू, नाममात्र काहीतरी टाकू." त्या नाममात्र शब्दावरूनच मला ते पाच रुपये आठवले.

सभा याच महिनाअखेरीला आहे. हरकती आणि सूचना लेखीच द्या, पालिकेच्या आवक-जावक खिडकीवर, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या. तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात येत नाही. ज्यांच्या घरी बारवेचे जुने फोटो असतील, लग्नाच्या वरातीतले, पोहायला शिकतानाचे, कसलेही, किंवा आजी-आजोबांनी बारवेवर कोण दिवा लावायचं हे कधी सांगितलं असेल, त्यांनी कमेंटमध्ये लिहा किंवा मला इनबॉक्स करा. त्या पडीक इनाम पट्टीचा जुना फेरफार कुणाकडं असेल तर तो मला आधी हवाय.